दातांनी ऐकलेलं बेअरिंग

ट्रकच्या चाकाचं दुखणं ओळखायला मला दोन गोष्टी लागतात. एक जुना पुश रॉड आणि दुसरे प्रेक्षक. पुश रॉड म्हणजे इंजिनातून निघालेली हातभर लांबीची लोखंडी कांडी. ट्रक जॅकवर उचलायचा, चाक मोकळं करायचं, कांडीचं एक टोक चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबवर टेकवायचं, दुसरं टोक कानाशी धरायचं आणि कोणाला तरी चाक फिरवायला सांगायचं. हबच्या आत बेअरिंग जे काही बोलत असेल ते त्या कांडीतून सरळ डोक्यात येतं. प्रेक्षक नसले तरी चाक तपासता येतं. पण मजा येत नाही, आणि मजा आली नाही की माझं निदान जरा ढिलं पडतं, असा माझा तीस वर्षांचा समज होता.

माझं गॅरेज कामठी रोडवर आहे. मी कांडी हातात घेतली की समोरचा टायरवाला आपला कॉम्प्रेसर बंद करतो. शेजारची रसवंतीवाली बाई चरक थांबवते, आणि तिची गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून इकडे तोंड करतात. मी आधी कांडीचं टोक शर्टाला पुसतो. त्याची काही गरज नसते. मग उकिडवा बसतो, डोळे मिटतो आणि डावा हात वर करतो. हात खाली आला की टायरवाला दोन्ही हातांनी चाकाला झोका देतो. चाक फिरत असताना मी भुवया वर-खाली करतो. भुवयांचाही तसा काही उपयोग नसतो. मग उठून गुडघे झटकतो आणि निकाल सांगतो, "बाहेरचं ठीक आहे, अंदरचं गेलं."

बेअरिंगचा आवाज दुपदरी असतो. खालचा पदर जाड, घूं-घूं असा. तो चांगल्या चाकालाही असतो. बेअरिंग खराब झालं की त्याच्यावर दुसरा बारीक पदर चढतो, पाटीवर रेती घासल्यासारखा. तो ऐकू येणं हीच सगळी विद्या. गल्लीतल्या कोणीही कांडी कानाला लावली असती तर त्यालाही ती आली असती, पण कोणी कधी लावली नाही. मनाई नव्हती. मंगलाष्टकं अर्ध्या मांडवाला पाठ असतात, म्हणून कोणी भटजींच्या हातातला माईक घेत नाही, तसंच ते होतं.

तर एका एप्रिलमधल्या शनिवारी एक सहाचाकी ट्रक माझ्या दारात येऊन उभा राहिला. एरवी कळमन्याच्या बाजारातून धान्य भरून जबलपूरला जाणारा, आज रिकामा. ड्रायव्हर साठीला टेकलेला, उभा वाळलेला माणूस, खांद्यावर दुपट्टा. गल्लीत सगळे त्याला मामा म्हणतात. ट्रकच्या मागोमाग मोटरसायकलवर मालक आला. मालक पस्तिशीचा. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मामा याच घरच्या गाड्या चालवतो, म्हणून मालक त्याला काका म्हणतो.

"मिस्त्री, मागचं उजवं बोलून राहिलं," मामा म्हणाला.

"काय बोलून राहिलं?"

"डावं वळण आलं का कर्र करते. सरळ रस्त्याले चूप."

"महिना झाला, हेच चालू आहे," मालक मोटरसायकलवरून उतरत म्हणाला. "म्या स्वतः बाजूले बसून गेलो, रामटेकच्या फाट्यापर्यंत. मले तर काही नाही ऐकू आलं."

"तू गाणे लावले होते."

"बंद केले होते ना काका, मंग."

"मंग वळण नोहोतं."

मालक हसला. वाईट माणूस नव्हता तो. पण या आवाजापायी मामानं दोनदा भरलेली गाडी अर्ध्या वाटेवरून परत आणली होती, आणि कळमन्याचे व्यापारी मालकाला सकाळ-संध्याकाळ फोन करत होते. त्यानं मला बाजूला घेतलं नाही, मामाच्या समोरच सांगितलं, हे मला आवडलं.

"मिस्त्री, तुमी सांगन ते फायनल. आवाज असन तर चाक खोला, लागन तेवढा टाइम घ्या. नसन, तर काकांनी आता गाडी सोडाची. गोदामाच्या गेटवर खुर्ची ठेवतो. पंखा लावून देतो."

"खुर्चीले चाक नसते," मामा म्हणाला.

एवढंच. पण त्याचं काय जाणार होतं ते सगळ्या गल्लीला कळलं. टायरवाल्यानं मी न सांगताच कॉम्प्रेसर बंद केला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या मागच्या चाकांची बेअरिंगं सहा महिन्यांपूर्वी मीच बदलली होती. त्यामुळे मामाचं गाऱ्हाणं ऐकतानाच मी थोडा फुगलो होतो. तरी मी सगळं रीतसर केलं. टायरखाली टामी घालून, म्हणजे लांब पहारीनं, चाक उचकून पाहिलं. फारशी ढिलाई नव्हती. एक्सलचा दांडा ओढून काढला, चाक मोकळं केलं. कांडी पुसली, बसलो, डोळे मिटले, हात वर, हात खाली. चाक फिरलं. घूं-घूं. दुसऱ्यांदा फिरलं. घूं-घूं. बारीक पदराचा पत्ता नव्हता.

मी उठलो, गुडघे झटकले.

"चाक एकदम ठणठणीत."

"पुन्हा एक डाव ऐकून पाह्य ना गा," मामा म्हणाला.

"मामा, म्या बसवलेलं बेअरिंग आहे ते. सहा महिन्यात कायले जाईन?" एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण रसवंतीवर सात-आठ माणसं उभी होती आणि ती सगळी माझ्याकडे बघत होती. "आवाज चाकात नाही, तुमच्या कानात आहे. म्हणत असान तर दोन्ही कानात ग्रीस भरून देतो."

गल्ली हसली. चांगली खळखळून हसली. मामासुद्धा हसला, कारण तो सभ्य माणूस आहे. मग त्यानं खिशातून किल्ली काढून मालकाच्या हातात दिली, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला आणि कन्हानची ऑटो पकडायला रस्ता ओलांडून गेला. मालक म्हणाला, सोमवारी नवा ड्रायव्हर येतो, दुपारी कळमन्यात माल भरून गाडी लावून देऊ. मी म्हणालो, बेफिकीर राहा. मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी घरी कूलरपुढे बसून पेपर वाचत होतो. बायको वरच्या गच्चीवरून खाली आली आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"मशीन कधीची बोंबलून राहिली."

आमची कपडे धुवायची मशीन माझ्या खुर्चीपासून दोन हातांवर आहे. कपडे धुऊन झाले की ती पीं-पीं करते, किंवा पूर्वी करायची.

"तिचा आवाज बिघडला ना वं. तुले म्या दिवाळीतच सांगतलं."

"आवाज बिघडला?" तिनं माझा हात धरला आणि मशीनच्या पत्र्यावर ठेवला. "आता?"

तळहाताला बारीक गुदगुली झाली. थांबली, परत झाली. ऐकू काही आलं नाही.

बायकोच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तसा मी तिच्या माहेरच्या लग्नातही पाहिला नव्हता. ती आत गेली, ताप मोजायचा तो आकडेवाला थर्मामीटर घेऊन आली, काखेत लावून माझ्यासमोर स्टुलावर बसली. थोड्या वेळानं काढला.

"वाजला."

"कधी?"

"आता. तुमच्या नाकासमोर."

मग तिनं मोबाईलचा गजर लावून पाहिला, मायक्रोवेव्हची बटणं दाबून पाहिली, माझ्या डोक्यामागं उभं राहून काहीतरी वाजवलं आणि ते काय होतं हे आजतागायत सांगितलेलं नाही. जाड आवाज सगळे ऐकू येत होते. तिचं बोलणं, कूलरची घरघर, रस्त्यावरचा भाजीवाला. बारीक, टोकदार असं जे काही होतं ते गायब. शेवटी तिनं डोळे मिटले, भुवया वर-खाली केल्या, गुडघे झटकले आणि म्हणाली, "बाहेरचं ठीक आहे, अंदरचं गेलं."

मी हसलो. आमच्या घरात माझी नक्कल तिच्याइतकी कोणाला जमत नाही. हसता हसता मध्येच माझं हसू अडकलं. तीस वर्षं लोखंडावर हातोडा मारून कान बोथट झाला तर नवल नव्हतं. पण बारीक पदर गेला म्हणजे काय गेलं, हे हळूहळू डोक्यात शिरायला लागलं. शनिवारी मी मामाच्या चाकाशी बसून जे ऐकलं ते फक्त घूं-घूं होतं. आता मला प्रत्येक चाकाचं फक्त घूं-घूंच ऐकू येणार होतं. आणि जो माणूस बरोबर ऐकत होता, त्याच्या कानात मी ग्रीस भरायला निघालो होतो.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग जा ना. इथं कायले बसले?"

"जाऊन काय सांगू? का दिवाळीपासून मी असाच भुवया उडवून राहिलो?"

"हाव. तेच सांगा."

"लोकं हसतीन."

"हसू द्या. तुमाले तर लोकं हसलेले आवडते."

कन्हानला मामाच्या घरी पोचलो तेव्हा तो अंगणात कूलर उघडून बसला होता. जुना वाळा काढून बाजूला टाकला होता, आणि जाळीच्या चौकटीत नवा भरणं चालू होतं. मला पाहून त्यानं ना राग दाखवला ना आनंद. चौकटीचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरून उभा राहिलो.

"याच्या पंख्याचं बुश बी बोलून राहिलं," तो म्हणाला. "पण जाऊ दे. माह्या कानात आहे ते."

मी चौकट सोडली नाही. धरल्या धरल्याच मशीनपासून थर्मामीटरपर्यंत सगळं सांगून टाकलं. वाळ्याची एक काडी हातात घेऊन तो ऐकत राहिला.

"म्हणजे शनवारी तुले काही ऐकूच नाही आलं?"

"घूं-घूं आलं."

"ते तर बैलगाडीलेही येते." मग काडी खाली ठेवून, "मंग डोळे मिटून तू करत काय होता?"

"भुवया वर-खाली."

मामा हसायला लागला तो थांबेना. चौकट जमिनीला टेकवावी लागली. आतून त्याची बायको बाहेर येऊन बघून गेली. हसून झाल्यावर त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि एकदम साध्या आवाजात म्हणाला, "पोराले सांगशीन?"

पोरगा म्हणजे मालक.

"आताच फोन लावतो."

"फोनवर नोको. जिथं हसवलं, तिथं सांग."

म्हणजे गॅरेजमध्ये, सगळ्यांच्या समोर. मी हो म्हणालो. वाळा भरून झाल्यावर त्याच्या बायकोनं चहा दिला.

सोमवारी सकाळी मालकाला फोन केला. खरं सांगितलं असतं तर तो "संध्याकाळी पाहू" म्हणाला असता आणि दुपारी गाडी जबलपूरच्या वाटेला लागली असती. म्हणून मी म्हणालो, "हबमध्ये माझा एक पाना राहून गेला." हबमध्ये पाना राहू शकत नाही. पोटात जेवणाचं ताट राहून गेलं म्हणण्यासारखंच ते आहे. पण मालकाचा गाडीशी संबंध फोनपुरता. तासाभरात ट्रक दारात हजर.

ट्रक नव्या ड्रायव्हरनं आणला होता. चाळिशीचा, हसतमुख, आल्या आल्या मामाला वाकून नमस्कार करणारा, त्यामुळे त्याच्यावर राग धरायचीही सोय नव्हती. मामा रसवंतीच्या बाकावर येऊन बसलेलाच होता.

"काढा पाना," मालक म्हणाला.

"पाना नाही राहिला. बसा, सांगतो."

आणि सांगितलं. या आधी गल्लीसमोर मी शेकडो निकाल दिले होते. हा पहिलाच असा होता की ज्याच्यासाठी कांडी लागली नाही. चरक थांबलेला होता. सांगून झाल्यावर टायरवाला म्हणाला, "म्हणजे दिवाळीपासून मी कॉम्प्रेसर फुकटच बंद करून राहिलो?"

मग जे हसणं झालं त्यात मीही सामील झालो, दुसरा मार्ग नव्हता. मालक तेवढा हसला नाही.

"मंग आता चाक ऐकणार कोण?"

सगळ्यांनी कांडीकडे पाहिलं. मी ती मामापुढे केली. त्यानं दोन्ही हात मागं घेतले.

"म्या महिनाभर सांगूनच राहिलो होतो. कोण मानलं? मी लावली तर पुन्हा म्हणतीन, काकांच्या कानात आहे."

बरोबर होतं. मी मागचं उजवं उचलून एक्सलचा दांडा काढून दिला. टायरवाल्यानं कांडी घेतली, कानाला लावली, चाक फिरवून घेतलं, आणि म्हणाला की त्याला सगळंच गुरगुरल्यासारखं वाटतं. दिवसभर कॉम्प्रेसरशेजारी उभ्या माणसाकडून काय अपेक्षा करणार. नवा ड्रायव्हर म्हणाला, मी आजच आलो, माझ्या बोलण्याला काय अर्थ.

तेव्हा मला तळहाताची ती गुदगुली आठवली. मशीनचा पीं-पीं कानानं सोडला होता, पण हातानं पकडला होता. आणि हातापेक्षा तिखट असं माणसाजवळ काय आहे? भातात खडा आला तर तो कानाला कळतो का? मी कांडी शर्टाला पुसली. या वेळी खरंच गरज होती. आणि दातांत धरली.

"मिस्त्री, भूक लागली असन तर पोहे मागवू," टायरवाला म्हणाला.

तोंडात लोखंड असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. माझ्या आयुष्यात असं क्वचितच झालं असेल.

आधी पुढचं चाक उचलून घेतलं, चांगल्या बेअरिंगची चव कळावी म्हणून. दातांत मऊ झिणझिण आली, दुधाची साय हलवावी तशी. मग मागचं उजवं. चाक फिरवलं. झिणझिण थोडी जाड होती, पण शपथेवर सांगण्यासारखी नव्हती. मी मान हलवली. मालकानं घड्याळ पाहिलं.

"असं नाही समजत," मामा बाकावरून उठला. "डाव्या वळणाले याच चाकावर वजन येते. इथं ते हवेत आहे. त्याले ओझं द्या." त्यानं टामी उचलली, टायरखाली घातली, खाली लाकडाचा ठोकळा दिला आणि आपलं सगळं अंग टामीवर टाकलं. हब वर दाबला गेला. "आता फिरव."

टायरवाल्यानं चाकाला झोका दिला.

खडा. एकच, पण पक्का. फेऱ्याला एकदा दाताखाली कचकन येत होता आणि त्याच्या आगेमागे बारीक रेती. माझे खांदे आपोआप कानांपर्यंत वर गेले. कोणाला काही सांगायची गरज पडली नाही. रसवंतीवाली बाई म्हणाली, "मिस्त्रीचं तोंड पाहून माहे दात आंबले."

मालकानं माझ्या तोंडातून कांडी घेतली, रुमालानं पुसली आणि स्वतः दातांत धरली. चाक पुन्हा फिरलं. कांडी त्यानं सावकाश काढली. मामाकडे बघितलं नाही.

"खोला," म्हणाला.

हब जागेवर धरून ठेवणारा चेकनट काढला, टायरवाला आणि नव्या ड्रायव्हरनं मिळून जोडीची दोन्ही चाकं उतरवली, ब्रेकच्या ड्रमसकट हब ओढून काढला. बेअरिंगचे दोन भाग असतात. एक म्हणजे रोलरचा गोल गजरा आणि दुसरा म्हणजे ज्यात तो फिरतो तो पोलादी कप. कप हबमध्ये ठोकून घट्ट बसवलेला असतो. मी डिझेलनं सगळं धुतलं, बोट फिरवलं. हबला आत एक, बाहेर एक अशी दोन बेअरिंगं असतात; आतल्याच्या कपात तांदळाच्या दाण्याएवढा पापुद्रा निघून आला होता. रोलरवर ओरखडे. मालक वाकून पाहत होता.

"सहा महिन्यात कसं काय गेलं, मिस्त्री?"

याला आमच्या धंद्यात एक तयार उत्तर आहे: माल खराब निघाला. आजपर्यंत कोणी त्याच्यावर उलट प्रश्न विचारलेला नाही. उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलंही होतं. पण मामा त्या कपाकडे बघत होता. कप काळपट, कडेला जुना गंज, आणि इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला जुना कप ओळखू येणार नाही असं होतच नाही. तो नुसता दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"कप जुनाच आहे," मी म्हणालो. "म्या रोलर नवे टाकले, कप तसाच ठेवला. नख फिरवून पाह्यलं होतं, चकचकीत होता. तो ठोकून काढाले पाऊण तास जाते."

ही चूक आमच्याच जातीच्या माणसांची. जो शिकाऊ असतो तो भीतीनं दोन्ही बदलतो. जो तीस वर्षं जुना असतो त्याला आपल्या नखावर भरवसा असतो. जुन्या कपाला जुन्या रोलरांची सवय पडलेली, त्यांच्या वजनानं त्यात डोळ्याला न दिसणारी घळ झालेली. नवे रोलर त्या घळीत नीट बसत नाहीत, काठाकाठानं चालतात, आणि काठ तुटायला लागतो. हे सगळं मी मालकाला सांगितलं. गिऱ्हाइकाचा पाऊण तास वाचवला म्हणून तेव्हा मी त्याच्याकडून शाबासकी घेतली होती, तेही सांगितलं.

"म्हणजे गाडी घाटात बसली असती," मालक म्हणाला.

"बसली तर बसली. चाक निघून गेलं असतं तर?" टायरवाला म्हणाला. मग कोणी हसलं नाही.

पुढचे दोन-तीन तास मी इतका मन लावून काम केलं की टायरवाल्याच्या टोमण्यांनाही उत्तर दिलं नाही. पितळी गज लावून कप आतून ठोकला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, म्हणजे तो तिरपा होऊन अडकत नाही. बाहेरचाही काढला. नवे कप प्लास्टिकच्या पिशवीत घालून रसवंतीच्या बर्फाच्या पेटीत ठेवले. थंडीनं पोलाद जरासं आकसतं आणि हबमध्ये गुमान सरकतं. बाईनं तोवर कोणाच्याही ग्लासात बर्फ टाकला नाही, एप्रिल असून. नव्या रोलरांमध्ये तळहातानं ग्रीस दाबून भरलं, नवं सील लावलं. चेकनट पूर्ण आवळला, चाक फिरवलं, मग जरासा मागं सोडला, कारण बेअरिंगलाही श्वास घ्यायला जागा लागते. शेवटी टामी लावून, कांडी दातांत धरून पुन्हा एकदा पाहिलं. साय.

आता ट्रायल. नवा ड्रायव्हर दार उघडून चढायला गेला, पायरीवरच थांबला आणि उतरला. किल्ली त्यानं मामाच्या हातात दिली.

"मी चालवत असतो तर म्या गाणे लावले असते," तो मालकाला म्हणाला. मालकाच्या दुसऱ्या ट्रकला ड्रायव्हर नव्हता, ते त्यालाही माहीत होतं. "त्या गाडीचं काही असन तर मले फोन करा." आणि रस्त्यापलीकडे निघून गेला.

मालक केबिनमध्ये चढून खिडकीशी बसला. मी मधल्या जागेत. मामानं आरसा सारखा केला, सीट मागं-पुढं केली, नवा ड्रायव्हर लांब पायांचा होता. आणि आम्ही कन्हानच्या दिशेनं निघालो. गाणी बंद. पहिलं डावं वळण आलं. मामानं वेग कमी केला नाही. वळण संपेपर्यंत तिघेही श्वास धरून होतो.

"चूप आहे," मामा म्हणाला.

मालकानं खिडकीबाहेर बघत मान डोलावली. "आवाज खरा होता काका. मानलं." पण गाडीचं काय, गेटवरच्या खुर्चीचं काय, ते त्याच्या तोंडून निघत नव्हतं. एकदा दिलेला हुकूम परत घेणं म्हणजे गंजलेला नट उलटा फिरवणं. मी मध्ये बसलो होतो आणि एकदा तरी गप्प बसायचं ठरवलं होतं.

नदीच्या पुलाच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळतो. तिथं मामानं एकदम गाडी हळू केली. वळण गेलं. मग त्यानं मुद्दाम गाडी जराशी झुलवली, पुन्हा उजवीकडे.

"मिस्त्री, डावं चाक बी त्याच दिवशी खोललं होतं ना तू?"

"हाव."

"अन् त्याचा कप?"

डाव्या चाकाची आठवण मला तोपर्यंत झाली नव्हती. किंवा झाली होती आणि मी तिला मागच्या बाकावर बसवलं होतं.

"मामा, रस्त्याकडं पाहा," मी म्हणालो.

"रस्त्याकडंच पाहून राहिलो. सुरुवात आहे. बारीक. दोन खेपा निघतीन, तिसरी नाही."

मी कान टवकारले. घूं-घूं. मालकानंही कान टवकारले. त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्याला काहीच ऐकू आलेलं नाही. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कळमन्याचा व्यापारी. त्याचा आवाज इतका जाड होता की मलाही केबिनमध्ये शब्दन् शब्द कळत होता. पोती काढून ठेवली आहेत, हमाल बसून आहेत, गाडी आहे कुठं?

मालकानं फोनवर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावरून पलीकडे मामाकडे पाहिलं.

"काका, काय सांगू?"

"उद्या."

"सकाळी?"

"दुपारी. याले दुसरा कप काढाले पाऊण तास लागते म्हणते. म्हणजे तीन तास धर."

मालकानं फोन पुन्हा कानाला लावला. "गाडी उद्या लागन. दुपारी." पलीकडून आरडाओरडा झाला. तो पूर्ण ऐकून घेतल्यावर मालक म्हणाला, "मले नोको सांगू भाऊ. ड्रायव्हर म्हणते उद्या, तर उद्या."

मामानं पुढं पाहत इंडिकेटर दिला आणि ट्रक माझ्या गॅरेजकडे वळवला.